बिनथापटण्याचे आप्पा

आप्पा आमच्याकडं पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा बायकोनं मोठ्या हौसेनं येसराची आमटी केली होती. बायको माहेरची नाशिककडची. येसराची आमटी भुरकल्याशिवाय लग्नाची पंगत उठत नाही हा आमच्याकडचा कायदा तिला नवा होता, आणि येसर किती भाजायचा हा अंदाज त्याहून नवा. आमटीला जळक्या पोत्याचा वास येत होता. मी दोन घासांतच ताकाकडं वळलो. आप्पांनी मात्र तीन भाकरी कुस्करल्या, वाटी बोटानं निपटून घेतली, तांब्या तोंडाला लावला, मिशा पुसल्या आणि आतल्या दाराकडं बघून म्हणाले,

"सूनबाई, पाणी काय गोड हाय हो तुमच्याकडचं!"

बायको आठवडाभर खूश. मी नव्हतो, कारण तेव्हा आमच्याकडं बोअरचं पाणी होतं. त्या पाण्यात डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही आणि चहा प्यायल्यावर जीभ टाळूला चिकटायची. त्या पाण्याला गोड म्हणणारा माणूस एकतर खोटारडा असला पाहिजे किंवा आजारी. आप्पा दोन्ही नाहीत हे कळायला मला दोन वर्षं लागली.

आप्पांची पद्धत अशी की बिघडलेल्या वस्तूला बोट लावायचं नाही, तिच्या शेजारचीला लावायचं. भाजी बिघडली की ते चटणीची तारीफ करतात. चटणीही बिघडली तर लोणच्याची. पाण्याची तारीफ झाली म्हणजे ताटात तारीफ करण्यासारखं काही उरलेलं नव्हतं, असं समजावं. जानेवारी 2020 मध्ये 93वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या जिल्ह्याच्या गावी भरलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. एवढा मोठा सोहळा परत कधी दारात येणार म्हणून आम्ही आप्पांना घेऊन गेलो. तिथं कविकट्ट्यावर आमच्या ओळखीच्या एका कवीचा नंबर लागला. अर्धा तास कविता चालली होती, की मला तसं वाटलं, कोण जाणे. खाली उतरून त्यानं आप्पांचे पाय धरले आणि विचारलं, कशी वाटली? आप्पा म्हणाले, "माईक लई स्वच्छ व्हता. शबूद न् शबूद ऐकू आला." हा अभिप्राय कवीनं पुढं आपल्या संग्रहाच्या पाठीवर छापला. खाली लिहिलं, 'एक रसिक शेतकरी'.

आप्पा शेतकरी आहेत ते सात-बाऱ्यापुरते. चार एकर सोयाबीन आहे, ते पोरगा बघतो. आप्पांचा खरा धंदा शेळ्यांचा. आठवडी बाजारात शेळ्या घ्यायच्या, चार बाजार फिरवायच्या आणि विकायच्या. म्हणजे हेडी म्हणा, पण आप्पांना कुणी तोंडावर हेडी म्हणत नाही, ती आप्पांनी गावावर केलेल्या उपकारांची फेड आहे. कारण उरलेल्या वेळात ते सोयरिकी जमवतात, बांधाची भांडणं मिटवतात, रुसलेल्या भावकीला पंगतीला आणतात आणि पंगतीतून उठून चाललेल्याला परत बसवतात. सत्तरीचा माणूस, पांढरी टोपी, गळ्यात उपरणं, आणि कुणी काही विचारलं की आधी उपरण्याच्या टोकानं चष्मा पुसायची सवय. चष्मा पुसायला जितका वेळ जास्त, तितकी बातमी वाईट.

आमच्या जिल्ह्याच्या नावाचंच घ्या. गाव मुळात धाराशिव. सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अलीच्या, नावावरून त्याचं उस्मानाबाद झालं आणि 2023 साली सरकारी कागदावर परत धाराशिव झालं. मधल्या काळात नुसतं गावाचं नाव घेतलं तरी माणूस कुठल्या बाजूचा ते कळायचं. बसस्टँडवर, हॉटेलात, पानाच्या टपरीवर नावावरून शब्द वाढलेले मी पाहिलेत. आप्पांनी उभ्या जन्मात दोन्ही नावं घेतली नाहीत. "जिल्ह्याला गेलतो," एवढंच. एसटीत कंडक्टरला पैसे द्यायचे आणि म्हणायचे, "जिल्ह्याचं एक द्या." नाव बदलल्यावर मी म्हणालो, आप्पा, आता तर कागदावरच आलं, आता म्हणायला काय हरकत? "हाव की, आता मनायलाच पायजे," म्हणाले. दुसऱ्या दिवशी फाट्यावर उभे दिसले. विचारलं, कुठं निघालाव? "जिल्ह्याला."

आमचं गाव तेरणेच्या काठचं, तेरपासून इतक्या जवळ की वारा इकडचा असला तर संत गोरोबाकाका कुंभारांच्या देवळातला भोंगा अंथरुणात ऐकू येतो. चैत्रातल्या यात्रेला सगळं गाव तिकडं असतं. आता ज्या गावाच्या कुशीत गोरोबाकाका झाले, तिथं माणसं स्पष्टवक्ती असणार हे ओघानं आलं. काकांची ती गोष्ट इथल्या शेंबड्या पोरालाही येते. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईनं कोपऱ्यातलं थापटणं बघून विचारलं, हे कशाला? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते यानं कळतं. मग आमचीही मडकी बघा की, असं ती म्हणाली. काका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं हाणत निघाले. बाकीचे मुकाट बसले. नामदेव कळवळले, चिडले. काकांनी भरल्या सभेत निकाल दिला की एवढं एकच मडकं कच्चं आहे.

आमच्या भागात ज्याला कुणाला दुसऱ्याचा अपमान करायचा असतो तो आधी ही गोष्ट सांगतो. "आपलं तेरचं पाणी हाय, आपण तोंडावर बोलतो," अशी सुरुवात झाली की समोरच्यानं डोकं सांभाळावं. मला स्वतःला या थापटणंवाल्यांचा फार अनुभव आहे. त्यातल्या एकानंही आजवर थापटणं स्वतःच्या डोक्यावर वाजवून बघितलेलं मला आठवत नाही.

आप्पा काकांचे वारकरी. माळ आहे गळ्यात. पण या गोष्टीत त्यांचा जीव पुढच्या भागात आहे.

"गुरुजी, निकाल बरूबरच व्हता," ते मला एकदा देवळाच्या ओट्यावर म्हणाले. "पांडुरंगानंबी त्योच दिला. पर नामदेवाच्या डोस्क्याला टेंगूळ आलं आसंल त्याचं काय? त्यो बिचारा रडत पंढरपूरला गेला. आता पुढं औंढ्याला इसोबा खेचर भेटले म्हणून निभावलं. सगळ्यालाच कुटनं आणायचा इसोबा?"

मग त्यांनी विसोबांची गोष्ट सांगितली. मी ती शंभरदा ऐकलेली, पण आप्पांनी सांगितली तशी नव्हे. औंढ्या नागनाथाच्या देवळात विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपले होते. नामदेव म्हणाले, अहो, पाय काढा, देव आहे तो. विसोबा म्हणाले, बाबा, म्हातारा झालोय, उचलवत नाहीत; जिथं देव नसेल तिथं तूच उचलून ठेव. नामदेवांनी पाय उचलले. जिथं ठेवायला जावं तिथं पिंड.

"तू कच्चा हायस, आसं एका शबदानं मनले का?" आप्पांनी चष्मा पुसत विचारलं. "न्हाई मनले. पाय उचलाय लावले."

मी काही बोललो नाही. मी शाळामास्तर. 'कच्चा' हा शब्द वहीवर लाल शाईनं लिहिण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली.

तेरच्या लामतुरे संग्रहालयात मी दरवर्षी शाळेची सहल नेतो. तेर म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वी इथला व्यापार पार रोमशी होता. काचेआड मातीच्या मूर्ती, मणी, खापरं, मडकी ठेवली आहेत. एका सहलीला आप्पा बरोबर आले. एका जुन्या मडक्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "दोन हजार वर्सं टिकलं, म्हंजे याला कुणी थापटलं न्हाई."

त्यांचा स्वतःचा दाखला कुंभाराचाच असतो, पण बाजारातला. उन्हाळा लागला की बायका माठ घ्यायला येतात. माठ तळहातावर तोलायचा आणि बोटाच्या पेरानं टिचकी मारायची. खणकन वाजला तर भाव विचारायचा. बद्द वाजला तर माठ गुपचूप खाली ठेवायचा आणि दुसरा उचलायचा. बाई बोलत नाही, कुंभारही बोलत नाही. तो नुसता बद्द माठ हळूच मागच्या रांगेत सरकवतो. "दोगालाबी कळलं," आप्पा म्हणतात. "बोललं कोण?"

आता काकूंविषयी लिहायला पाहिजे. काकू म्हणजे आप्पांची बायको. भावकीत त्यांना 'तेरखेडा' म्हणतात. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, वाशी तालुक्यातलं तेरखेडा हे गाव फटाक्यांसाठी प्रसिद्ध आहे. काकूंचं माहेर तिथलं नव्हे. नाव गुणावरून पडलंय.

या दोघांना जोडीनं कुठं बोलवावं की नाही, यावर प्रत्येक घरात चर्चा होते. एका पुतण्यानं घर बांधलं. वास्तुशांतीला गेलो. आप्पांनी चारी खोल्या बघितल्या, खिडकीत उभे राहिले आणि म्हणाले, "हवा लई खेळती हाय." पुतण्याचा चेहरा फुलला. तेवढ्यात मागून काकू आल्या. "माडीवर जायाला शिडी लावणार व्हय रं? जिना इसरलास का काय?" जिना खरंच विसरला होता. इंजिनिअरला पैसे द्यायला नको म्हणून पुतण्यानं नकाशा स्वतः काढला होता. सगळ्या गावानं तो महिनाभर बघितला आणि 'हवा खेळती आहे' असंच म्हणालं, हे मात्र आप्पांच्या शाळेतलं शिक्षण.

"खरं बोलायला काय पैसे पडतेत?" काकू विचारतात.

"पैसे न्हाई," आप्पा म्हणतात, "पाव्हणे पडतेत."

नकार देण्याचं तर आप्पांनी व्याकरणच बांधलंय. ते 'न्हाई' म्हणत नाहीत. 'बघू' म्हणाले म्हणजे नाही. 'बघू की' म्हणाले म्हणजे नाही, पण चहा पिऊन जा. 'बघू, बघू' असं दोनदा आलं की परत विचारू नका. 'पोराला इचारून कळवतो' याचा अर्थ पोराला यातलं काही कळणारही नाही. सोयरिकीत तर नकार माणसावर पडताच कामा नये. तो ग्रहांवर टाकायचा. पत्रिका जमत नाही, मंगळ आडवा येतो, नाडी एक आली. "मंगळाला कुटं लेक द्यायचीय? त्याच्यावर टाकलं तर त्याला काय वाटतंय?" ज्या घरात पत्रिका नसते तिथं देवक एक निघतं. आमच्या भागात आप्पांच्या मध्यस्थीनं मोडलेल्या सोयरिकींची संख्या जमलेल्यांहून जास्त असेल, पण ज्याची मोडली तो पुढच्या पोरीच्या वेळी परत आप्पांकडंच येतो. वकील, डॉक्टर, मास्तर, कुणाच्या धंद्यात असं होतं सांगा.

मोबाईल आला तेव्हा मला वाटलं आप्पांचं अवघड होणार. झालं उलटंच. त्यांना अंगठा सापडला. लग्नाचं आमंत्रण आलं की अंगठा, उसने पैसे मागितले की अंगठा, पुढाऱ्याचा वाढदिवस आला की अंगठा. पूर्वी सही येत नसलेला माणूस अंगठा द्यायचा. आता सही येणारी माणसं, जिथं सही करायची नाही तिथं अंगठा देतात. काकू मात्र बोलून पाठवतात, आणि त्यांचा निरोप फोन कानाला न लावताही ऐकू येतो.

गावात एक मोठे सावकारी वृत्तीचे गृहस्थ वारले. नाव घेत नाही. घेतलं तरी गावात कुणी रडणार नाही. राख सावडायला मंडळी जमली आणि दोन शब्द बोलायची वेळ आली. सरपंच घसा खाकरून बसले. कुणी उठेना. माणूस मेल्यावर वाईट बोलू नये आणि चांगलं बोलायला काही सापडत नव्हतं. शेवटी आप्पा उठले. चष्मा चांगला दोन मिनिटं पुसला. म्हणाले, "आपल्या गावात दोन पार्ट्या, चार गट, धा भावक्या. कुनाचं कुनाला पटत न्हाई. पर कैलासवासींच्या बाबतीत सगळं गाव कायम एका मताचं राहिलं. आसं भाग्य लई कमी जणाला मिळतंय." थोरल्या मुलाला गहिवरून आलं. मागं उभी असलेली माणसं उपरणी तोंडात कोंबून नदीकडं बघत होती.

हे सगळं मी हौसेनं सांगतो, पण एक गोष्ट मी आप्पांना माफ केलेली नाही. आमच्या गल्लीतला एक मुलगा स्पर्धा परीक्षेच्या मागं होता. सहा वर्षं. बापानं पुण्याला खोली करून दिली, एक म्हैस विकली, मग दुसरी विकली. प्रत्येक दिवाळीला मुलगा आप्पांच्या पाया पडायचा आणि आप्पा म्हणायचे, "प्रयत्न चांगले चाललेत तुझे." प्रयत्न! शेजारच्या वस्तूची तारीफ. त्या मुलाला आप्पांची भाषा येत नव्हती. सातव्या दिवाळीला तो काकूंच्या तावडीत सापडला. "आरं, बास कर आता," काकू म्हणाल्या. "बापाचे गुडघे गेले. तुझ्याच्यानं होत आसतं तर झालं आसतं आतापस्तोर." पोरगं ओसरीवर बसून हमसून हमसून रडलं. आता त्याचं फाट्यावर सेवा केंद्र आहे, दाखले काढून देतो, बरं चाललंय. मी आप्पांना एकदा म्हणालो, तुम्ही दुसऱ्या दिवाळीलाच सांगायला पाहिजे होतं. त्यांनी चष्मा काढला. पुसलाच नाही, नुसता हातात धरून बसले.

आता एका सोयरिकीची गोष्ट.

मुलगा भूम तालुक्यातला. घरी खव्याची भट्टी. भूम, वाशी, परंडा या पट्ट्यात दूध आटवण्यावर कित्येक घरं जगतात, आणि कुंथलगिरीचा पेढा खाल्लेल्या माणसाला या खव्याची ओळख वेगळी करून द्यायला नको. मुलगा पहाटे तीनला उठून कढईसमोर उभा राहायचा. आप्पा त्याला लहानपणापासून ओळखत होते. त्यांनी एकदा त्याच्या भट्टीवर मला नेलं होतं. त्या पोरानं खव्याची गोळी माझ्या तळहातावर ठेवली आणि अंगठ्यानं चोळायला सांगितली. चोळली तसं तूप सुटून हात चकचकीत झाला. "ह्यात पीठ न्हाई," एवढंच तो बोलला. मला पोरगा आवडला.

मुलगी लोहारा तालुक्यातली, डी.एड. झालेली. मुलीच्या बापाचा आप्पांवर पूर्ण भरवसा. त्यानं विचारलं, "आप्पा, पोरगं कसं हाय?"

आणि आप्पांकडून आयुष्यात पहिल्यांदा चूक झाली. चष्मा न पुसता ते म्हणाले, "सोनं हाय. काई खोट न्हाई."

मुलीच्या घरात त्या रात्री चूल पेटली नाही म्हणतात. तीस वर्षांत आप्पांनी कुणाला सोनं म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. 'पोरगं बरं हाय' म्हणाले असते तर बापानं ओळखलं असतं की जरा तंबाखू खात असेल. 'घर मोठं हाय' म्हणाले असते तर पोरगा मठ्ठ असेल. 'आई लई धार्मिक हाय' म्हणजे सासू कडक. या सगळ्याला उत्तर होतं. पण 'काई खोट न्हाई'? म्हणजे खोट एवढी मोठी असणार की आप्पांना तिच्या शेजारी ठेवायला दुसरी वस्तूच सापडली नाही! मुलीच्या मामाला भूमला धाडलं. तो दोन दिवस भट्टीसमोरच्या हॉटेलात चहा पीत बसला. काही सापडलं नाही. दवाखान्यात विचारलं, बँकेत विचारलं, सोसायटीत विचारलं. काहीच नाही. मामा परत येऊन म्हणाला, लई पोचलेली माणसं दिसतेत, काईच मागं सोडलं न्हाई.

आठव्या दिवशी फोन आला. मी तिथंच होतो. "आप्पा," मुलीचा बाप अत्यंत गोड आवाजात म्हणाला, "पोरगं लई चांगलं हाय. पर पत्रिका जमंना झालीय."

आप्पांनी फोन ठेवला आणि भिंतीकडं बघत बसले. "पत्रिका?" ते म्हणाले. "पोराची पत्रिकाच न्हाई की वो, गुरुजी! जन्मतारीख एक जून हाय!"

एक जून म्हणजे काय ते आमच्या पिढीच्या गुरुजींनाच विचारा. ज्याच्या बापाला तारीख आठवली नाही त्याला आम्ही शाळेत घालताना एक जून लावून दिली. अर्धा जिल्हा एकाच दिवशी जन्मला. त्या तारखेवर पत्रिका मांडायला बसला तर ज्योतिषी धंदा सोडेल.

मी आप्पांना इतकं लागलेलं कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्याला पाजलेला काढा त्यांच्याच घशात उतरला होता, आणि त्यातला गूळ त्यांना बरोबर ओळखू आला. ते जेवले नाहीत. काकूंनी दोन वेळा ताट वाढलं, दोन वेळा झाकून ठेवलं. तिसऱ्या वेळी त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"बाजारात शेळी इकताना काय करताव?"

आप्पा काही बोलले नाहीत. बोलले नसले तरी मला माहीत होतं. बाजारात मी त्यांच्यामागं हिंडलोय. काळीभोर उस्मानाबादी शेळी, अंगावर चमक, दोन करडं पाठीशी. गिऱ्हाईक आलं की आप्पा भाव मोठ्यानं बोलत नाहीत. उपरणं दोघांच्या हातावर टाकायचं आणि खाली एकमेकांची बोटं धरायची. किती बोटं धरली, कुठलं कांडं दाबलं, ते त्या दोघांनाच कळतं, भोवतीच्या पन्नास माणसांना नुसतं हललेलं उपरणं दिसतं. पण उपरणं टाकायच्या आधी आप्पा एक गोष्ट सगळ्यांदेखत मोठ्यानं सांगतात: "एक सड बारीक हाय बरं का. मागनं मनू नका." मी एकदा विचारलं होतं, स्वतःहून कशाला सांगता? ते म्हणाले होते, सांगितलं न्हाई तर गिऱ्हाईक सगळी शेळी चाचपतंय.

"शेळीचा सड सांगताव," काकू म्हणाल्या, "आन् पोराचं सोनं करताव! कोण इश्वास ठिवंल?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही तिघं लोहाऱ्याकडं निघालो. वाटेत आप्पा मला दोनदा म्हणाले, हिला बोलू द्यायचं न्हाई. काकू खिडकीतून बाहेर बघत होत्या.

मुलीच्या घरी सुशीला आला, चहा आला. सुशीला चुरमुऱ्यांचा करतात, गार झाला की त्याचा लगदा होतो. तो गार झाला होता. आप्पा म्हणाले, "कपबश्या नव्या काय?" मुलीच्या आईनं मान खाली घातली. तिला आप्पांची भाषा येत होती. आणि तेवढ्यात काकूंनी बशी खाली ठेवली.

"हे बघा पाव्हणं," त्या म्हणाल्या, "पोरगं घोरतंय. आसं घोरतंय की भट्टीवरची मांजरं पळतेत. दुसरं, बोलत न्हाई. चार शबदाला इचारलं तर दोन देतंय. राग आला तर जेवत न्हाई, तीन दिवस. मोटरसायकलीचा हप्ता एक थकलाय. आन् धाकट्या बहिणीचं लगीन व्हायचंय, ते वझं त्याच्यावरच हाय. आता तुमाला द्यायची तर द्या."

खोलीत कुणी हललं नाही. आप्पा उपरण्यानं चष्मा पुसायला लागले आणि मला खरोखर भीती वाटली की काच फुटेल.

मग मुलीच्या बापानं इतका मोठा श्वास सोडला की भिंतीवरचं कॅलेंडर हललं. "आहो, मग आदी का सांगितलं न्हाई!" तो म्हणाला. "आमी आठ दिवस मरूलालाव हितं! घोरतंय व्हय! घोरू द्या की!" मामा आतून पळत आला. "हप्ता थकलाय? कितीचा?" त्याच्या तोंडावर मोकळं हसू होतं. मुलीची आई नवा सुशीला करायला उठली. दाराआड उभी असलेली मुलगी एवढंच म्हणाली, "बोलत न्हाई ते बरंय." सुपारी त्याच दिवशी फुटली.

परतीच्या एसटीत आप्पा गप्प होते. फाटा आल्यावर उतरता उतरता म्हणाले, "गुरुजी, ती बहिणीचं वझं मनली ते जरा दाबून सांगायला पायजे व्हतं." काकूंना ऐकू गेलं. त्यांनी काय उत्तर दिलं ते लिहीत नाही. हे घरात वाचलं जातं.

पोरगा घोरत नाही, हे लग्नानंतर कळलं. काकूंनी ते शेळीच्या सडासारखं स्वतःच्या मनानं घातलं होतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "एक तरी मोठ्यानं ऐकू यील आसं पायजे व्हतं."

हे सगळं लिहून झाल्यावर, ज्यांच्यावर लिहिलं त्यांना वाचून दाखवल्याशिवाय छापायला द्यायचं नाही, असं मी ठरवलं. गेल्या आठवड्यात आप्पा आणि काकू आमच्या जिल्ह्याच्या गावातल्या घरी आले होते. रात्रीची जेवणं झाली. मी कागद काढले आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत, विसोबांसकट, वाचलं. वाचताना वर बघायचा धीर झाला नाही. शेवटचं पान खाली ठेवलं तेव्हा आप्पा चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसला. मग त्यांनी तांब्या उचलला, दोन घोट घेतले.

"गुरुजी," ते म्हणाले, "पाणी गोड हाय. आता उजनीचं येतंय व्हय?"

उजनी धरणाचं येतं, आणि ते खरंच गोड आहे. त्यामुळं मला काहीच कळेना. मी आशेनं काकूंकडं वळलो. त्या भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून, गाढ झोपल्या होत्या. बायकोनं खुणेनं सांगितलं, दुसऱ्या पानापासून.